इंग्रजीतील 'हॅव' आणि आपली मुले

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणावर बोलावयाचे म्हटले की वक्ते बहुधा मोठा विषय निवडतात. मला संयोजकांनी अर्धा तास दिला आहे. अर्ध्या तासात समाजाच्या प्रगतीचा मार्ग सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु वर्गात रोज इंग्रजी शिकविणारा शिक्षक या नात्याने एक क्रियापद नीट समजावून देणे मला जमेल, असे वाटते. ते क्रियापद म्हणजे 'हॅव'. जे वाचक हे भाषण स्मरणिकेतून वाचतील त्यांना एवढीच विनंती, की हाताशी कागद-पेन्सिल घ्यावी आणि मुलाला शेजारी बसवावे.

हेच क्रियापद का, असे कोणी विचारील. आपल्या मुलाला इंग्रजीची खरी गरज कोठे पडते ते पाहा. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, मुलाखत, मोठ्या इस्पितळातील डॉक्टर, बँकेचा फॉर्म. या प्रत्येक ठिकाणी माणसाला आपल्यापाशी काय आहे तेच सांगावयाचे असते: ताप आहे, पदवी आहे, दोन वर्षांचा अनुभव आहे, खाते आहे, घरी लग्न आहे. म्हणजे पहिल्याच वाक्यात 'हॅव' येऊन उभे राहते, आणि ते डळमळले की पुढची सारी वाक्ये डळमळू लागतात.

माझा एक माजी विद्यार्थी एका कंपनीत मुलाखतीस गेला होता. हिशेबाच्या कामात तो तरबेज होता. "डू यू हॅव एनी एक्स्पीरियन्स?" या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, "येस सर, आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स." समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहून स्मित केले. त्यानंतर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येत असूनही हा मुलगा 'येस' आणि 'नो' यापलीकडे बोलला नाही. नोकरी गेली ती त्या एका 'हॅविंग'मुळे गेली असे मी म्हणत नाही; त्या स्मितानंतर त्याने तोंड मिटले, त्यामुळे गेली. मुलाचे तोंड उघडे राहावे म्हणून हे क्रियापद पक्के करावयाचे आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

चूक कोठून येते?

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे दहावीच्या मुलाचा आणि या शब्दाचा सहवास दहा वर्षांचा असतो. तरीही चूक होते, याचे कारण मुलाची बुद्धी नव्हे. कारण त्याच्या वहीत सापडते. वहीत लिहिलेले असते: 'हॅव म्हणजे जवळ असणे'. हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे, आणि अपुरा अर्थ पाठ केला की तो पुढे वर्षानुवर्षे नडतो. आपण मराठीत काय बोलतो ते जरा कान देऊन ऐकू या.

1. मला दोन भाऊ आहेत.
2. माझ्याकडे सायकल आहे.
3. माझ्याजवळ पन्नास रुपये आहेत.
4. अब्बांचे नाना पेठेत दुकान आहे.
5. आपाच्या अंगी हिंमत आहे.
6. या खोलीला दोन खिडक्या आहेत.
7. मला ताप आहे.

सात वाक्ये झाली. त्यांत कोठे 'ला', कोठे 'कडे', कोठे 'जवळ', कोठे 'चे', तर कोठे 'अंगी' आले. नात्याला एक प्रत्यय, वस्तूला दुसरा, गुणाला तिसरा. भाऊ 'माझ्याजवळ आहेत' म्हटले तर ते शेजारी उभे आहेत असा अर्थ होईल. मराठी भाषा इतकी बारकाईने बोलते. इंग्रजीत मात्र या सातही वाक्यांना एकच क्रियापद पुरते:

1. आय हॅव टू ब्रदर्स.
2. आय हॅव अ बायसिकल.
3. आय हॅव फिफ्टी रुपीज.
4. माय फादर हॅज अ शॉप इन नाना पेठ.
5. माय सिस्टर हॅज करेज.
6. धिस रूम हॅज टू विंडोज.
7. आय हॅव फीव्हर.

उर्दूतही मराठीसारखेच आहे. 'मेरे दो भाई हैं', 'मेरे पास साइकिल है', 'मुझे बुख़ार है', 'उस में हिम्मत है'. आपल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या दख्खनीत तर 'मेरेकू दो भाई हैं' असेही ऐकू येते. तो 'मेरेकू' म्हणजे मराठी 'मला'चा जुळा भाऊच. तात्पर्य, मूल मराठी शाळेतले असो वा उर्दू शाळेतले, त्याची अडचण एकच आहे. त्याच्या भाषेत 'हॅव' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदच नाही. 'आहे' आणि 'है' यांवरच सारा कारभार चालतो.

ही आपली उणीव आहे काय?

मुळीच नाही. अरबीत 'माझे पुस्तक आहे' यासाठी 'इंदी किताब' म्हणतात, म्हणजे 'माझ्यापाशी पुस्तक'. संस्कृतात 'मम पुस्तकम् अस्ति'. रशियन आणि तुर्की भाषांतही 'असणे' याच अर्थावर काम भागते. जगातील अनेक थोर भाषा 'वस्तू माझ्यापाशी आहे' असे म्हणतात. 'मी वस्तूला धरून आहे' असे म्हणणारा दुसरा गट आहे, आणि इंग्रजी त्या गटातली. 'हॅव' या शब्दाचे मूळ भाषाशास्त्रज्ञ 'पकडणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात.

आता एक गंमत सांगतो. फारसी भाषाही इंग्रजीच्याच गटातली. तीत 'दाश्तन' असे क्रियापद आहे. 'मन किताब दारम' म्हणजे 'मी पुस्तक बाळगतो', सरळ 'आय हॅव अ बुक'. या 'दाश्तन'मधला 'दार' आपल्याकडे शतकानुशतके नांदतो आहे. इनाम बाळगणारा तो इनामदार, जमीन बाळगणारा तो जमीनदार, दुकान बाळगणारा तो दुकानदार. जहागीरदार, किल्लेदार, ठाणेदार, हवालदार हे सारे त्याच घराण्यातले. शिवकाळात फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तरी लोकांच्या तोंडचा हा 'दार' काही सुटला नाही. उलट मराठीने तो आपल्या शब्दांनाही जोडला: टोकदार, डौलदार, पाणीदार. कवी माधव जूलियन, म्हणजे डॉ. माधवराव पटवर्धन, हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवीत. त्यांनी 1925 साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. आपल्या रोजच्या बोलण्यात किती फारसी मिसळली आहे, हे तो चाळला म्हणजे कळते.

गंमत येथेच संपत नाही. फारसीतला 'दार' आणि संस्कृतातला 'धृ', म्हणजे 'धारण करणे', हे दोन्ही एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. गंगाधर, मुरलीधर या नावांतला 'धर' आणि इनामदारातला 'दार' सख्खे भाऊ ठरतात. वर्गात एका बाकावर मुरलीधर आणि शेजारी इनामदार बसला असेल, तर दोघांच्याही नावात 'हॅव'चा अर्थ दडलेला आहे. म्हणून 'हॅव' परके आहे, असे मुलांनी मनात आणू नये. मुरली ज्याने धरली तो मुरलीधर, इनाम ज्यापाशी तो इनामदार. हाच न्याय वाक्यात लावावयाचा, एवढेच.

आता नियमांकडे वळू

पहिला नियम: मालक पुढे, आणि क्रियापद मालकाचे. 'ही हॅव टू ब्रदर्स' आणि 'आय हॅज अ सिस्टर' या चुका शिक्षकांनी शेकडो वेळा लाल शाईने खोडल्या असतील. पण मूल असे का लिहिते? मराठीत 'त्याला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' हे भावांच्या संख्येप्रमाणे चालते, 'त्याला' याच्याशी त्याचा संबंध नाही. मूल प्रामाणिकपणे भाऊ मोजते आणि 'हॅव' लिहिते. बहीण एक दिसली की 'हॅज' लिहिते. ही चूक मराठी व्याकरण पक्के असल्याची खूण आहे! उपाय सोपा आहे. क्रियापदाच्या उजवीकडचा मजकूर तळहाताने झाका. डावीकडे 'ही', 'शी', 'इट' किंवा एकच व्यक्ती वा वस्तू असेल तर 'हॅज'. बाकी सर्वांना 'हॅव', आणि 'आय'लाही 'हॅव'च. भूतकाळात तर हा प्रश्नच उरत नाही, सर्वांना 'हॅड'.

दुसरा नियम: बाळगण्याच्या अर्थी 'हॅविंग' नको. भाऊ असणे, ताप असणे, अनुभव असणे या स्थिती आहेत. त्या 'चालू' नसतात. म्हणून 'आय हॅव टू इयर्स एक्स्पीरियन्स'. पण 'मी जेवतो आहे' यासाठी 'आय ॲम हॅविंग माय लंच' हे अगदी शुद्ध आहे, कारण तेथे 'हॅव' म्हणजे जेवणे. 'वी आर हॅविंग अ मीटिंग' हेही बरोबर, कारण सभा चालू असते. तेव्हा स्वतःला विचारावे: येथे काही चालले आहे, की नुसते आहे? चालले असेल तर 'हॅविंग', नुसते असेल तर 'हॅव'.

हा 'हॅविंग'चा सोस साऱ्या भारतात आहे. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत आपल्या चालू काळाच्या आवडीची मोठी खुसखुशीत नक्कल केली आहे. भारतीय इंग्रजी ही एक स्वतंत्र धाटणी आहे, तिला चूक म्हणू नये, असे म्हणणारे विद्वान आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु परीक्षेचा पेपर तपासणारा आणि मुलाखत घेणारा तो ग्रंथ वाचून येत नाही. मुलाला दोन्ही ठाऊक असावे आणि कोठे कोणते वापरावे, याचा निर्णय त्याच्या हाती असावा.

तिसरा नियम: 'डझ' आला की 'हॅज' जातो. 'ही डझंट हॅज अ पेन' ही चूक सर्रास दिसते. 'हॅज'मधला शेवटचा आवाज हा जणू घराची एकच किल्ली आहे. ती 'डू'ने घेतली की तो 'डझ' होतो; मग 'हॅव'जवळ ती उरत नाही. म्हणून 'ही डझंट हॅव अ पेन', 'डझ शी हॅव अ पेन?' तसेच 'डिड यू हॅव', 'डिड यू हॅड' कधीही नाही. आजोबांच्या वेळच्या पुस्तकांत 'हॅव यू अ पेन?' असे प्रश्न असत. त्या काळी ते शुद्धच होते. आज ते जुनाट वाटते, म्हणून 'डू यू हॅव अ पेन?' हेच शिकावे.

चौथा नियम: 'काल' आला की 'हॅव' बाहेर. आतापर्यंतचे 'हॅव' मालकाचे होते. हे 'हॅव' दुसऱ्या क्रियापदाचा मदतनीस आहे. 'मी अर्ज दिला आहे' यासाठी 'आय हॅव सबमिटेड द ॲप्लिकेशन' हे ठीक. पण मराठीत 'मी काल अर्ज दिला आहे' असेही आपण बिनदिक्कत म्हणतो, आणि तेच इंग्रजीत नेतो: 'आय हॅव सबमिटेड द ॲप्लिकेशन येस्टरडे'. इंग्रजीला हे चालत नाही. काल, परवा, गेल्या सोमवारी, 2019 साली, असा होऊन गेलेला काळ सांगितला की साधा भूतकाळ: 'आय सबमिटेड द ॲप्लिकेशन येस्टरडे'. सरकारी कचेरीत द्यावयाच्या अर्जात ही चूक सर्वांत जास्त होते.

पाचवा नियम: 'लागते' म्हणजे 'हॅव टू'. 'मला रोज दोन बस बदलाव्या लागतात' म्हणजे 'आय हॅव टू चेंज टू बसेस एव्हरी डे'. मात्र 'मला दवाखान्यात जायचे आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात. इच्छा असेल तर 'आय वाँट टू गो'. गरज असेल तर 'आय हॅव टू गो'. रजेच्या अर्जात 'वाँट' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, हा मुलगा हौसेने दवाखान्यात चालला आहे.

सहावी गोष्ट नियम नव्हे, सावधगिरी आहे. प्रत्येक 'मला' म्हणजे 'हॅव' नव्हे. 'मला भूक लागली आहे' हे 'आय ॲम हंग्री'. 'मला बारा वर्षे पूर्ण झाली' हे 'आय ॲम ट्वेल्व्ह'. 'मला थंडी वाजते' हे 'आय ॲम कोल्ड'. पण 'मला सर्दी झाली आहे' हे 'आय हॅव अ कोल्ड'. एका छोट्या शब्दाने थंडीची सर्दी होते, ते ध्यानात असू द्यावे.

शिक्षकांना आणि पालकांना

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी, की फळ्यावर 'हॅव म्हणजे जवळ असणे' एवढेच लिहून थांबू नये. त्याऐवजी वरची सात वाक्ये मुलांच्या स्वतःच्या भाषेत त्यांच्याकडूनच काढून घ्यावीत आणि शेजारी इंग्रजी लिहावे. मुलाला स्वतःच्या भाषेची चाल दिसली की इंग्रजीची चाल आपोआप वेगळी दिसते. मराठी किंवा उर्दू वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी लवकर येते, हा समज माझ्या अनुभवास उतरलेला नाही.

पालकांपैकी अनेकांना वाटते, आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार? आपण फार मोठी मदत करू शकता. रात्री जेवणानंतर मुलाला घरातल्या पाच गोष्टी विचारा: तुला भाऊ किती? आपल्या घराला खिडक्या किती? तुझ्याकडे काय आहे? उद्या तुला काय करावे लागेल? आज काही दुखते का? मूल आधी आपल्या बोलीत उत्तर देईल, मग इंग्रजीत सांगेल. त्याचे इंग्रजी बरोबर आहे की नाही हे आपणांस कळले नाही तरी चालेल. ते तपासावयास आम्ही आहोत. आपण फक्त ऐकावे आणि हसू नये. हे मी अम्मींना आणि थोरल्या भावांना विशेष करून सांगतो. परक्याचे हसणे मूल एकदा सोसेल. घरातल्यांचे हसणे त्याच्या जिभेला कुलूप घालते.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी शेवटचा पाठ. रजेचा हा अर्ज लिहून घ्या:

'आय हॅव फीव्हर. द डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड रेस्ट. आय हॅव टू स्टे ॲट होम फॉर टू डेज.'

तीन वाक्ये, तीन 'हॅव', आणि तिन्हींचे काम निराळे. पहिल्यात ताप तुमच्यापाशी आहे. दुसऱ्यात डॉक्टरांनी सल्ला दिला आहे. तेथे 'हॅज' मदतनीस आहे, आणि 'डॉक्टर' एक म्हणून 'हॅज'. तिसऱ्यात घरी राहावे लागणार आहे. ही तीन वाक्ये ज्याला उलगडून सांगता आली त्याला 'हॅव' आले, असे मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर खुशाल लिहीन.

आज रात्री प्रत्येकाने स्वतःच्या घराविषयी 'हॅव'ची दहा वाक्ये लिहावीत. पुस्तकातून उतरवू नयेत. आपल्या घरात जे आहे तेच लिहावे. ज्याच्या घरी सायकल नाही त्याने 'आय डोंट हॅव अ बायसिकल' असे लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि वाक्य शुद्ध आहे. वह्या उद्या पहिल्या तासाला माझ्या टेबलावर ठेवाव्यात.